कालव्यावरील वीज आणि तिची शासकीय तपासणी

शेतीकरिता सोडलेले पाणी कालव्यातून वाहत असता काही ठिकाणी एकदम खालच्या पातळीवर पडते. शहरांच्या नळयोजनांतही उंचावरून येणाऱ्या पाण्याचा दाब झडपा बसवून कमी करावा लागतो. दोन्ही ठिकाणी पाण्यातील शक्ती वाया जाते. तेथे जलचक्र बसविल्यास तिच्यापासून वीज मिळू शकते. दर सेकंदास १ घनमीटर पाणी ५ मीटर खाली पडत असेल, तर यंत्राची कार्यक्षमता शेकडा ८० धरून सुमारे ३९ किलोवॉट वीज निघते. पाणी खर्च होत नाही. ते पुढे शेताकडेच जाते.

मात्र अशा केंद्रास परवानगी कोणी व कशी द्यावी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या बाबतीत अमेरिकेतील पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. तेथे नदीवरील मोठ्या धरणास लागणारी परवान्याची लांबलचक तपासणी लहान कालव्यावरील यंत्रासही लावणे गैरसोयीचे ठरू लागले. म्हणून ९ ऑगस्ट २०१३ रोजी नवा कायदा झाला. त्यानुसार पुढील अटी पाळणाऱ्या केंद्रास परवाना लागत नाही :

१. कालवा अगर नळ मनुष्यनिर्मित असावा, आणि संघ सरकारच्या मालकीचा नसावा.

२. त्याचा मुख्य उद्देश शेती, नगर किंवा उद्योग यांना पाणी पुरविणे हा असावा. वीज निर्माण करणे हा नसावा.

३. केंद्राची क्षमता ठरावीक मर्यादेत असावी. ही मर्यादा प्रथम ५ मेगावॉट होती; २०१८ मध्ये ती ४० मेगावॉट करण्यात आली.

अर्जदाराने संघीय ऊर्जा नियामक आयोगास आपला मनोदय कळवावयाचा असतो. आयोग १५ दिवसांत प्राथमिक निर्णय देऊन जाहीर सूचना काढतो. केंद्र अटींत बसत नाही अशी हरकत घेण्यास पूर्वी ४५ दिवस होते, आता ३० दिवस आहेत. हरकत न आल्यास केंद्र पात्र ठरते. राज्याचे व स्थानिक नियम मात्र पाळावेच लागतात.

संघ सरकारच्या सिंचन कालव्यांसाठी त्याच दिवशी दुसरा कायदा झाला. त्यात वीज निर्माण करण्याची संधी प्रथम तो कालवा चालविणाऱ्या किंवा त्याचे पाणी घेणाऱ्या सिंचन संस्थांना देण्याची तरतूद आहे. वीजनिर्मितीच्या करारामुळे सिंचनाच्या कार्यक्षमतेस बाध येऊ नये, हे तत्त्व तर १९३९ च्या कायद्यापासूनचे आहे.

आपल्याकडे २००५ च्या अधिनियमान्वये पाणीवापर संस्था कालव्यांचे व्यवस्थापन करतात. आपल्या कालव्यावर असे केंद्र सुचविले गेल्यास सभासदांनी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. पाण्याची पाळी विजेच्या मागणीप्रमाणे बदलणार काय? यंत्र अचानक बंद पडल्यास पाणी तुंबून कालवा फुटू नये, म्हणून बाजूने वाट काढून देणारे दार आपोआप उघडेल काय? शेपटाकडील शेतकऱ्यास ठरलेल्या दिवशी ठरलेले पाणी मिळेल, असे करारात लिहून मिळेल काय? विजेच्या उत्पन्नातील वाटा कालव्याच्या दुरुस्तीस लाभेल काय?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रश्न सभेत मांडून त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. वीज हे कालव्याचे जोडउत्पन्न आहे. पीक हे त्याचे मूळ प्रयोजन आहे. तपासणी कितीही सुटसुटीत झाली, तरी हा क्रम ढळू देऊ नये.