रुग्णमातेचे स्तन्य

अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला ताप भरला, पडसे झाले अथवा पोट बिघडले की घरातील वडीलधाऱ्यांकडून पहिला हुकूम सुटतो तो मूल तिच्यापासून दूर ठेवण्याचा. तापातले दूध मुलाला बाधेल, आईचा रोग त्या दुधावाटे त्याच्या पोटात उतरेल, अशी ही धास्ती असते, आणि तिच्या मुळाशी मुलाविषयीची कळकळच असल्यामुळे तिची हेटाळणी करण्याचे काहीच कारण नाही. चरकसंहितेने दुधाचे आठ दोष गणले आहेत. तेव्हा मातेच्या प्रकृतीची छाया तिच्या दुधावर पडते ही समजूत आपल्याकडे शास्त्राधारानेच रुजलेली आहे. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांत जे ज्ञान हाती आले ते पाहता, नेहमीच्या बहुतेक सर्व आजारांत हा हुकूम मुलाच्या हिताच्या नेमका विरुद्ध जातो असे म्हणणे भाग पडते.

या ज्ञानाचा आरंभ ज्या वनस्पतींपासून झाला त्या आपल्या परिचयाच्याच आहेत. एरंड आणि गुंज यांच्या बियांमध्ये अत्यंत जहाल विषे असतात. ही विषे उंदरांना अत्यल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने देत गेल्यास त्यांच्या अंगी ती पचविण्याची शक्ती येते, हे जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी सिद्ध केले होते. ही शक्ती पिलांकडे जाते ती गर्भाशयातून की दुधातून, असा प्रश्न पुढे उभा राहिला, तेव्हा त्यांनी सामान्य उंदरीची पिले अशा विषसिद्ध उंदरीच्या अंगावर पाजावयास लावली. आणि जन्मदात्रीकडून काहीही न मिळालेली ती पिले केवळ दुधाच्या बळावर विषाला तोंड देऊ लागली. हे निष्कर्ष १८९२ साली प्रसिद्ध झाले.

मनुष्याची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. उंदराच्या पिलाचे आतडे ही शक्ती देणारी दुधातील प्रतिपिंडे थेट रक्तात शोषून घेते. मानवी अर्भकाला रक्तातील प्रतिपिंडांचा वाटा जन्मापूर्वीच वारेतून मिळालेला असतो आणि त्याचे आतडे दुधातील प्रतिपिंडे फारशी आत घेत नाही. मग मातेच्या दुधात, विशेषतः पहिल्या दिवसांच्या पिवळसर चिकात, ती इतक्या विपुलतेने का असावीत? या कोड्याचा उलगडा होऊ लागला तो १९६१च्या सुमारास, स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे लार्स हॅन्सन यांनी दुधातील प्रतिपिंडांची घडण रक्तातल्यापेक्षा वेगळी असल्याचे दाखविले तेव्हा. आज स्रावी इम्युनोग्लोब्युलिन ए या नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ पाचकरसांना सहजासहजी दाद देत नाही. तो मुलाच्या घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर पसरतो, तेथे येणाऱ्या जंतूला धरून ठेवतो आणि त्याला आत शिरू देत नाही, आणि हे सारे दाह न माजविता करतो.

परंतु मला सर्वांत विस्मयकारक वाटते ती या प्रतिपिंडांची निवड. आईच्या आतड्यात किंवा श्वासनलिकेत जो जंतू शिरतो त्याची ओळख तेथील लसीकापेशींना पटते, आणि स्तन्यकाळात त्यांपैकी काही पेशी रक्तमार्गे प्रवास करीत स्तनग्रंथीत येऊन मुक्काम करतात व तेथे त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडे दुधात सोडू लागतात. म्हणजे ज्या घरात, ज्या हवेत, ज्या पाण्यावर ते मूल वाढते आहे तेथील नेमक्या शत्रूंचा बंदोबस्त त्या दुधात होत असतो. शिवाय पडशासारखे बहुतेक संसर्ग लक्षणे दिसण्यापूर्वीच पसरू लागतात; आईचे अंग तापते तोवर तिच्या कुशीतल्या मुलाला तो जंतू बहुधा पोहोचलेलाच असतो. अशा वेळी दूध तोडणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर पहारेकऱ्याला रजा देण्यासारखे आहे.

तापाने दूध नासत नाही. पाणी कमी पडल्यास ते काहीसे कमी होऊ शकते, म्हणून आजारी बाळंतिणीला पेज, सरबत, साधे पाणी भरपूर द्यावे, तोंडावर स्वच्छ फडके बांधावे, हात धुवावेत, आणि अगदीच गळून गेली असेल तर पिळून काढलेले दूध दुसऱ्याने वाटी-चमच्याने पाजावे. दूध साचून स्तनाला गाठ व ठणका आला असताना तर पाजणे थांबविल्यास दुखणे बळावण्याचाच धोका असतो. त्या बाजूलाही मूल लावावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

क्षयाचे नाव निघताच आजही घरे हादरतात. पण क्षयाचे जंतू पसरतात ते खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे. स्तनालाच क्षय झाल्याचे विरळ उदाहरण सोडल्यास ते दुधातून जात नाहीत. म्हणून आईवर तत्काळ उपचार, मुखपट्टी, मोकळी हवा, आणि मुलाची तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध, अशी तजवीज करून पाजणे चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आईच्या दुधातून मुलाला औषधाचा जो अंश मिळतो तो इतका अल्प असतो की त्याने अपायही होत नाही आणि संरक्षणही होत नाही. मुलाचे औषध त्याला वेगळेच द्यावे लागते.

या विचाराची खरी कसोटी लागली ती एचआयव्हीच्या बाबतीत, कारण तेथे विषाणू दुधातून खरोखरच जातो. त्याचा पहिला दाखला १९८५ साली प्रसिद्ध झाला. साहजिकच अनेक ठिकाणी अशा मातांना पावडरीचे दूध देण्याचे धोरण आले. परंतु १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील अभ्यासाने दाखविले की निव्वळ अंगावर पिणाऱ्या मुलांपेक्षा अंगावरचे आणि वरचे असे दोन्ही घेणाऱ्या मुलांत लागण अधिक होते. पुढे २००६च्या आरंभी बोट्स्वानात अतिवृष्टीने पाणी दूषित होऊन अतिसाराची भयंकर साथ आली, तेव्हा इस्पितळात दाखल झालेल्या आणि दगावलेल्या मुलांत अंगावर न पिणाऱ्यांचाच भरणा मोठा होता. सरकारने सद्‌हेतूने फुकट वाटलेले दूध त्याच पाण्यात कालविले जात होते, आणि त्यांतील अनेक मुलांना एचआयव्हीची बाधा झालेलीच नव्हती. एका विषाणूपासून वाचविलेली मुले दुसऱ्या रोगाने गेली, ही हकीकत वाचताना आजही मन विषण्ण होते. २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेने, आई विषाणुरोधक औषधे नियमित घेत असेल तर तिने पाजावे, अशी दिशा दिली. औषधे नेमाने घेतली जातात तेथे दुधातून लागण होण्याचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली येऊ शकते. स्वच्छ पाणी आणि वरचे दूध यांची खात्री असलेल्या श्रीमंत देशांनी दीर्घकाळ निराळा सल्ला दिला, तो त्यांच्या परिस्थितीत समजण्यासारखा आहे.

खरे अपवाद थोडे आहेत, आणि ते नेमके ठाऊक असले पाहिजेत. एचटीएलव्ही-१ या विषाणूची बाधा असलेल्या मातांना जपानच्या नागासाकी प्रांतात १९८७ पासून तपासणी करून पाजण्यापासून परावृत्त केले जाते. कर्करोगावरील रासायनिक उपचार आणि किरणोत्सारी आयोडीन चालू असताना पाजू नये. स्तनावर नागिणीसारखे हर्पिसचे फोड असल्यास ते सुकेपर्यंत त्या बाजूला मूल लावू नये. प्रसूतीच्या सुमारास आईला कांजिण्या आल्यास मुलाला काही काळ वेगळे ठेवून संरक्षक प्रतिपिंडे टोचावी लागतात.

औषधांच्या बाबतीत तर भीती फारच अवास्तव आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अमॉक्सिसिलिन यांसारख्या नेहमीच्या औषधांचा दुधात उतरणारा अंश नगण्य असतो. कोडीन आणि ट्रामाडॉल मात्र टाळावीत, कारण त्यांनी मुलाचा श्वास मंदावू शकतो. औषधासोबतच्या कागदावरील सरसकट मनाई वाचून दूध तोडण्यापूर्वी, आपण मूल पाजतो हे डॉक्टरांना सांगून त्याच गुणाचे निर्धोक औषध मागण्याचा मातेला पूर्ण अधिकार आहे. काही दिवस पाजणे थांबवावेच लागले तर त्या काळात मूल पिण्याच्या वेळी दूध पिळून काढीत राहावे. स्तन रिकामे होत राहिले तरच दूध तयार होत राहते. नाजूक नवजातांना त्या अवधीत दात्या मातांचे दूध देण्याची सोय दुग्धपेढ्यांत असते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली अशी पेढी सुरू केली, ती आशियातील पहिली.