परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी : ऐकीव काय, खरं काय

चंद्रपूर आणि गडचिरोलीत इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, त्यावर बी.एड. केलेली मुलंमुली आता थोडी नाहीत. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आलं आणि पदवीसाठी नागपूर विद्यापीठाकडे बघायचं कारण उरलं नाही. पदव्या जवळ आल्या, नोकऱ्या मात्र तेवढ्या जवळ आल्या नाहीत. कुणी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतं, कुणी खासगी कॉन्व्हेंटमध्ये तुटपुंज्या पगारावर राबतं, कुणी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या पुढच्या फेरीची वाट बघत शिकवण्या घेतं. अशात मोबाइलवर जाहिरात येते : परदेशात इंग्रजी शिक्षक हवेत, राहणं-जेवण मोफत, अनुभवाची अट नाही.

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, ते गोऱ्यांचं काम, आपल्याला कोण विचारतो. कुणी म्हणतं, एक ऑनलाइन सर्टिफिकेट काढ, पुढच्या महिन्यात विमानात बसशील. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्यानं लायक माणूस घरी बसतो, दुसऱ्यानं कर्ज काढून फसतो.

सगळ्यात आधी एक फरक समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्या दोन अगदी वेगळ्या जातीच्या आहेत. एक, ज्या देशात इंग्रजी परकी आहे तिथल्या मुलांना किंवा नोकरदारांना ती बोलायला, वाचायला शिकवणं : थायलंड, व्हिएतनाम, कोरिया, जपान, चीन. दुसरी, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी हा विषय शिकवणं : आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा, मालदीव. पहिल्या प्रकारात तुमचं नागरिकत्व आणि भाषेची परीक्षा आधी विचारतात. दुसऱ्या प्रकारात बी.एड. आणि अनुभव आधी विचारतात. दोन्हीकडे एकच अर्ज, एकच माहितीपत्रक पाठवणारे खूप आहेत, आणि त्यांना उत्तर येत नाही यात नवल नाही.

“इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाच घेतात”

हे अर्धं खरं आहे, आणि खरा अर्धा भाग आधी स्पष्ट सांगायला हवा. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी तिथल्या खासगी क्लासची जाहिरात तुमच्यासाठी नाही. मात्र भारत आणि कोरियामधला आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यात पदवी व इंग्रजी शिकवण्याची शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. वाट अरुंद आहे, पण आहे. आणि ती बी.एड. असलेल्यांसाठी आहे, सर्टिफिकेटवाल्यांसाठी नाही.

जपानची अट वेगळीच आहे. तिथल्या शाळांत भाषा शिकवण्यासाठी जो ‘शिक्षक’ वर्गाचा व्हिसा लागतो, त्यात ती भाषा शिकवणाऱ्यानं त्याच भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण घेतलेलं असावं लागतं. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्याला ही अट खरोखर आडवी येते. अकरावीपासून पुढचं सगळं इंग्रजीतून झालं तरी १२ वर्षं भरणं कठीण. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना मात्र ती अडत नाही. चीनमध्येही भाषाशिक्षकांच्या परवान्यात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना झुकतं माप आहे, आणि जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं शाळेबाहेरच्या शिकवण्यांवर कडक बंधनं आणली तेव्हापासून तो बाजारच आटला. चीनमधल्या क्लासच्या नावानं आजही कुणी भरमसाट पगार सांगत असेल तर ही तारीख लक्षात ठेवावी.

थायलंड आणि व्हिएतनाममध्ये परिस्थिती निराळी आहे. थायलंडच्या शाळांत फिलिपिन्सचे शिक्षक मोठ्या संख्येनं आहेत, आणि त्यांचीही मातृभाषा इंग्रजी नाही. तिथे बिगर-इंग्रजीभाषक अर्जदाराला पदवी, टोइक किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेचे गुण आणि शिक्षक परिषदेची परवानगी लागते. व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र, भाषेचा पुरावा आणि वर्क परमिट लागतं. पगारात इंग्रजीभाषक देशातून आलेल्याला अजूनही जास्त देतात, हा अन्याय आहे आणि तो खुलेपणानं चालतो. इंग्रजी शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना टेसॉल हिनं १९९१ पासून अशा भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली आहे. बाजार मात्र हळूहळूच बदलतो आहे.

“मराठी माध्यमात शिकलो, म्हणजे संपलं”

या गैरसमजानं आपल्या दोन जिल्ह्यांचं जितकं नुकसान केलं आहे तितकं दुसऱ्या कशानंही नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सक्तीचं झालं. आज पंचविशीत असलेला एटापल्लीचा किंवा सिंदेवाहीचा तरुण पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकला आहे. घरी गोंडी किंवा माडिया, शाळेत मराठी, पुस्तकात इंग्रजी. सिरोंच्यात घरी तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत घरी बंगाली, बल्लारपूरच्या कामगार वस्तीत हिंदी. इथल्या शिक्षकासमोर जो वर्ग बसतो, त्याची इंग्रजी ही तिसरी भाषा असते. हेमलकशाच्या लोकबिरादरी आश्रमशाळेत १९७६ पासून माडिया मुलं शिकत आली आहेत. तिथे किंवा भामरागडच्या कुठल्याही आश्रमशाळेत शिकवलेला माणूस जाणतो की भाषांतर करून सांगण्याची सोयच नसते. वस्तू दाखवावी लागते, हातवारे करावे लागतात, वाक्य लहान ठेवावं लागतं, तोच शब्द चार दिवस चार प्रसंगांत परत आणावा लागतो.

हनोईच्या किंवा बँकॉकच्या वर्गात नेमकं हेच करावं लागतं. लंडनमध्ये वाढलेल्या माणसाला ‘मी काल आलो’ आणि ‘मी आलो आहे’ यांतला इंग्रजी फरक कानानं कळतो, पण तो शिकणाऱ्याला का अवघड जातो हे त्यानं स्वतः कधी सोसलेलं नसतं. तुम्ही सोसलेलं आहे. मुलाखतीत नमुना धडा घ्यायला सांगतात तेव्हा हा अनुभव उपयोगी पडतो. अर्जात मात्र तो कुणी लिहीत नाही. ‘आश्रमशाळेत २ वर्षं, पाचवी ते आठवी, वर्गात ३ मातृभाषा’ असं एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतं.

यात एक गोष्ट लपवून चालणार नाही. अनुभव असला तरी स्वतःचं इंग्रजी मोजून घ्यावंच लागतं. एम.ए.ला शेक्सपिअर वाचला म्हणून अर्धा तास अस्खलित बोलता येतं असं नाही. आयईएलटीएस किंवा टोइकचा निकाल साधारण २ वर्षंच ग्राह्य धरतात, म्हणून कागदपत्रं तयार नसताना परीक्षा देऊन फी वाया घालवू नये. उच्चारांचंही तसंच. अमेरिकी उच्चार आणायचा आटापिटा करण्यात अर्थ नाही. समोरच्याला पहिल्या फटक्यात कळेल असा स्पष्ट, न घाईचा उच्चार हवा. इंग्रजीतले आखूड आणि लांब स्वर वेगळे ऐकू यायला हवेत. रोज मोठ्यानं वाचून, ते मोबाइलवर नोंदवून, परत ऐकून हे सुधारतं.

“१२० तासांचं सर्टिफिकेट म्हणजे जगाचा परवाना”

‘टेफल’ म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं; ते एका परीक्षेचं किंवा एका संस्थेचं नाव नाही. त्या नावाचं प्रमाणपत्र कोणतीही कंपनी छापू शकते, आणि १२० तास म्हणजे बहुधा संगणकावर वाचायची पानं असतात. काही देशांच्या परवान्यासाठी असा कागद चालतो, पण त्यानं शिकवता येतं असं कुणी मानत नाही. खरं वजन आहे ते केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटीचा सर्टटेसॉल या अभ्यासक्रमांना. या दोन्हींत प्रत्यक्ष शिकणाऱ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून प्रत्येक धडा तपासतात. फी मात्र इथल्या कुटुंबाला जड जाईल अशी आहे.

आपल्या भागासाठी मला दुसरा मार्ग जास्त योग्य वाटतो. हैदराबादचं इंग्रजी आणि परकी भाषा विद्यापीठ १९५८ साली मुळात इंग्रजी शिक्षक घडवण्यासाठीच सुरू झालं. आज ते केंद्रीय विद्यापीठ आहे आणि तिथे इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. बल्लारशाहहून काझीपेट मार्गे तिकडे रेल्वे जाते. सिरोंचा-अहेरीच्या मुलांना तर हैदराबाद पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. तरी आपल्याकडचे विद्यार्थी पुण्याच्या खासगी क्लासची चौकशी आधी करतात.

“आखातात फक्त मजूर आणि ड्रायव्हर जातात”

केंद्रीय माध्यमिक मंडळाशी संलग्न अशा परदेशातल्या शाळा दोनशेहून जास्त आहेत आणि त्यांतल्या बहुतांश आखाती देशांत आहेत. तिथले शिक्षक मुख्यतः भारतीय. मालदीवमध्येही शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि भारतातून शिक्षक नेमण्याची प्रथा जुनी आहे. त्याही आधी, सम्राट हैले सेलासींच्या काळात इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येनं होते. या सगळ्यांत केरळची माणसं जास्त दिसतात. त्याचं कारण त्यांचं इंग्रजी आपल्यापेक्षा वरचढ आहे हे नाही. तिथे आधी गेलेले नातेवाईक जागा निघाली की कळवतात, आणि ओडेपेक ही राज्य सरकारची कंपनी १९७७ पासून परदेशी नेमणुका करून देते.

या शाळांत बी.एड. आणि अनुभव हीच किल्ली आहे. पदवी नियमित हजेरीनं घेतली की दूरस्थ, हे अनेक ठिकाणी विचारतात, म्हणून विद्यापीठाकडून तसं पत्र आधीच घेऊन ठेवावं. ब्रिटनचं काय, असं बरेच विचारतात : २०२३ पासून भारतीय शिक्षकांना तिथली शिक्षक-पात्रता मिळवण्याची सोय झाली, पण ती गणित, विज्ञान आणि परकी भाषा शिकवणाऱ्यांसाठी; इंग्रजी त्यात नाही.

“एजंट सगळं बघतो”

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला केंद्र सरकारकडे नोंदणी करावीच लागते. नोंदणी झालेल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. उमेदवाराकडून एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दोन-तीन लाख मागणारा माणूस तिथेच उघडा पडतो.

दहावी झालेल्याच्या पासपोर्टला उत्प्रवास तपासणी लागत नाही. बरेच जण याला सवलत समजतात. तिचा दुसरा अर्थ असा की विमानतळावर तुमचा करार तपासणारं कुणी नाही. मजुराला मिळतं ते संरक्षण पदवीधराला आपोआप मिळत नाही. ‘आधी पर्यटक व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ’ हे वाक्य कानावर आलं की बोलणं तिथेच थांबवावं. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमधल्या चांगल्या नोकरीच्या नावानं नेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं. शंका आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८००-११-३०९० या मोफत क्रमांकावर विचारता येतं.

“कागदपत्रं काय, आठ दिवसांत होतात”

नोकरी हातात येऊन निसटते ती बहुधा इथे. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर क्रम निराळा. त्यात तेलुगू आणि बंगाली घरांतल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग दहावीला एक, पदवीला दुसरं. परदेशातला अधिकारी याला दोन माणसं समजतो. दुरुस्ती मंडळाकडे, विद्यापीठाकडे किंवा राजपत्रात नाव छापून करावी लागते, आणि तिला महिने लागतात. म्हणून पहिलं काम हेच.

पदवीचं मूळ प्रमाणपत्र हवं. नुसती गुणपत्रिका चालत नाही. त्यावर राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे अपोस्टिल करारातल्या देशांत ग्राह्य धरला जाणारा शिक्का. भारत २००५ साली अपोस्टिल करारात आला. जे देश त्यात नाहीत त्यांच्या दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो. मंत्रालयाची अपोस्टिलची फी कागदामागे ५० रुपये आहे, वर अधिकृत संस्थेचा सेवाखर्च. हजारोंची मागणी झाली तर हिशेब मागावा. नव्या साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, पोलिस पडताळणी प्रमाणपत्राला ५०० रुपये. हे प्रमाणपत्र फार आधी काढू नये, कारण बहुतेक देशांना ते ताजं लागतं.

“परदेशात जाऊन फक्त इंग्रजीच शिकवता येतं”

फुलब्राइटच्या भाषा-सहायक कार्यक्रमात भारतातले तरुण इंग्रजी शिक्षक अमेरिकेतल्या महाविद्यालयांत हिंदी, उर्दू, बंगाली अशा आपल्या भाषा शिकवतात, साधारण ९ महिने. मुलचेऱ्याच्या बंगाली घरातल्या इंग्रजी शिक्षिकेला हा कार्यक्रम कुणी सांगितला आहे का, असा प्रश्न मला पडतो. त्या वर्षी कोणत्या भाषांची जाहिरात आहे ते मात्र बघावं लागतं. फ्रान्समध्ये मात्र उलट सोय आहे : थोडीफार फ्रेंच येणाऱ्या भारतीय तरुणांना तिथल्या शाळांत ७ महिने इंग्रजी सहायक म्हणून घेतात.

नोकरी कुठलीही असो, करार हातात आला की पगाराच्या आकड्याआधी चार कलमं वाचावीत : आठवड्याचे तास किती, उन्हाळी सुट्टीचा पगार आहे का, परतीचं तिकीट कोण देणार, नोकरी सोडल्यास दंड किती. पासपोर्ट शाळेकडे ठेवावा लागेल असं कलम असेल तर ते काढायला सांगावं, आणि काढत नसतील तर सही करू नये.