कपाटांतल्या कहाण्या (लेखांक ५) : चोरलेला रानपिंगळा

संग्रहालयातल्या पक्ष्याच्या कातड्याला खरी किंमत येते ती त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीमुळे, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी मिळवला, एवढाच मजकूर. तोच खोटा निघाला तर? आजची गोष्ट लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची आहे, पण तिचा शेवट आपल्या शहाद्याजवळ होतो.

आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना एक वेगळाच पिंगळा मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी (पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे) त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि ब्लेविट यांचंच नाव त्याला दिलं. गावाकडच्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते. या रानपिंगळ्याचं डोकं मात्र जवळजवळ कोरं, शेपटीवर ठसठशीत पट्टे आणि पाय दणकट. मग १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात सरकारी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा परिसरातून त्याचे काही नमुने जमवले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाच्या हाती लागला नाही.

अपवाद एकच. ब्रिटिश लष्करातले कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचं एक कातडं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे पक्ष्याची सगळ्यात अलीकडची नोंद हीच. साहजिकच शोध घेणारे गुजरातेकडे वळले. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनाही रानपिंगळा गवसला नाही. तो नामशेष झाला असावा, असं मानलं जाऊ लागलं.

माइनर्ट्झहागन पक्षिशास्त्रातलं मोठं प्रस्थ होते. १९३७ साली सलीम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्ष्यांच्या अभ्यासासाठी गेले होते. १९५४मध्ये माइनर्ट्झहागन यांनी सुमारे २०,००० कातडी लंडनच्या याच संग्रहालयाला दिली. याच माणसाला १९१९ साली, नमुने परस्पर नेले म्हणून, त्याच संग्रहालयाच्या पक्षिदालनात यायला बंदी झाली होती. लॉर्ड रॉथशिल्ड यांनी रदबदली केल्यावर ती उठली. इतकं ठाऊक असताना त्यांच्या देणगीतल्या चिठ्ठ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवला गेला, ही या गोष्टीतली मला सगळ्यात जास्त खुपणारी बाब आहे. प्रतिष्ठा बघून तपास थांबला.

१९९०च्या दशकात अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या ग्रंथाचं काम करत होत्या. लंडनजवळच्या ट्रिंगला संग्रहालयाचा पक्षिसंग्रह आहे. तिथल्या कातड्यांची त्या बारकाईने पाहणी करू लागल्या आणि मांडवीच्या रानपिंगळ्याबद्दल त्यांना शंका आली. कातडं भरायची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते : चीर कशी द्यायची, पंखांची हाडं कशी बसवायची, कापूस किती ठासायचा. क्ष-किरण तपासणीत दिसलं, की हे कातडं उसवून पुन्हा भरलेलं आहे. पण आत जुन्या कारागिरीच्या खुणा शिल्लक आहेत. त्या डेव्हिडसन यांच्या हाताच्या होत्या. खानदेशातला पक्षी संग्रहालयातून उचलला गेला होता, नव्या कापसाने आणि नव्या चिठ्ठीने सजला होता आणि देणगीच्या वाटेने त्याच संग्रहालयात परतला होता! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा सगळा पुरावा १९९९ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडला.

त्याआधीच तपासाचं फळ मिळालं होतं. मांडवीची नोंद बाद धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं पालथी घातली. पूर्वेकडे हाती काही लागलं नाही. मग ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आले. नोव्हेंबर १९९७मध्ये तिथे एका झाडावर, दिवसाउजेडी, ११३ वर्षांनी रानपिंगळा दिसला.

पुढे तो तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या सागवानी जंगलांत सापडला. २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यातही दिसला. २०१८मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून त्याला ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं गेलं. जंगलतोड थांबलेली नाही, त्यामुळे निर्धास्त होण्यासारखी स्थिती नाही.

पुढच्या आठवड्यात मुंबईला येऊ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) कार्यालयात २६ वर्षं राहिलेल्या विल्यम नावाच्या धनेशाची हकिगत सांगायची आहे.