प्रदर्शनाआधी घरचे डबे उघडा!

क्राफ्टच्या सामानाचं प्रदर्शन असलं की आदल्या रात्री मी घरचे सगळे डबे उघडते. काय उरलंय ते बघून मगच यादी. भरतकामाच्या दोऱ्याची लडी साधारण ८ मीटरची, ६ पदरी. दोन पदरांनी भरलं तर २४ मीटर दोरा मिळतो, म्हणजे एका रंगाची एक लडी बऱ्याचदा पुरते. मण्यांचा नंबर मोठा तितका मणी बारीक: ११ नंबर ८ नंबरपेक्षा लहान. लोकर मात्र एकदमच घ्या, लेबलवरचा डाय लॉट जुळवून. लॉट बदलला की स्वेटरवर पट्टा उठून दिसतो. पहिली फेरी फक्त भाव बघायला. यादीचे पैसे एका पाकिटात, मोहाचे दुसऱ्यात. आणि ब्लाउजपीसचा तुकडा सोबत न्या, रंग दाराशी उजेडात जुळवा. स्टॉलच्या पिवळ्या दिव्याखाली मोरपंखीसुद्धा हिरवा दिसतो.