रेल्वेचं मेडिकल कसं होतं?

रेल्वे भरतीची लेखी परीक्षा आणि कागदपत्रांची पडताळणी झाली की उमेदवाराला मेडिकलसाठी रेल्वेच्या दवाखान्यात पाठवतात. मुंबईत मध्य रेल्वेचं मोठं रुग्णालय भायखळ्याला आहे, पश्चिम रेल्वेचं मुंबई सेंट्रलला. तपासणी रेल्वेचेच डॉक्टर करतात. उमेदवाराकडून 24 रुपये शुल्क घेतलं जातं. बाकी खर्च रेल्वेचा.

हा खर्च रेल्वे का करते, हे तपासणीच्या गटांवरून कळतं. ज्या कामात प्रवाशांचा जीव कर्मचाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो, ते ‘ए’ गटात. ज्यात त्याचा स्वतःचा किंवा सोबत्यांचा जीव गुंतलेला असतो, ते ‘बी’मध्ये. कार्यालयीन कामं ‘सी’मध्ये. म्हणून असिस्टंट लोको पायलटला ए-1, स्टेशन मास्तरला ए-2, रूळ सांभाळणाऱ्या ट्रॅक मेंटेनरला बी-1 आणि कारकुनाला सी-2 लागतो.

ए-1 म्हणजे चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना 6/6. निरोगी नजरेला जी ओळ सहा मीटरवरून वाचता येते, ती तुम्हालाही तिथूनच वाचता आली पाहिजे. 6/9 याचा अर्थ, इतरांना नऊ मीटरवरून दिसणारी ओळ वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. मग रंगांची पाळी. इशिहाराच्या पुस्तकात रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत आकडा दडलेला असतो. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्याला तो सापडत नाही किंवा भलताच दिसतो. कंदिलाच्या चाचणीत अंधाऱ्या खोलीत बारीकसा दिवा दाखवून रंग विचारतात. रात्रीच्या सिग्नलचीच ही परीक्षा.

इथे अनेक होतकरू मुलांचं नुकसान होतं. लेखी परीक्षेत कितीही गुण असोत, त्या पदाच्या मेडिकलमध्ये अनफिट ठरलं तर दुसरं पद मिळत नाही. चष्मा जावा म्हणून लेसिक करून घेतलेल्यालाही असिस्टंट लोको पायलट होता येत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधीच नेत्रतज्ज्ञाकडून नजर आणि रंगज्ञान तपासून घ्या आणि जाहिरातीतला पदासमोरचा गट नीट वाचा.

नोकरी लागली म्हणजे मेडिकल संपलं असं नाही. ‘ए’ गटातल्यांची तपासणी वयाच्या 45व्या वर्षापर्यंत दर चार वर्षांनी, 55पर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत दरवर्षी होते.

या तपासणीची धास्ती घेऊन मधुमेह किंवा अधू झालेली नजर लपवणारे असतात. त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सेवेत असताना अपंगत्व आलं, तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20नुसार सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याला त्याच वेतनश्रेणीत जमेल असं दुसरं काम द्यावं लागतं. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य पद तयार करावं लागतं. डॉक्टरांना खरं सांगितल्याने प्रवासी सुरक्षित राहतात, आणि सांगणाऱ्याच्या पगाराला कायद्याचं संरक्षण आहे.