संशोधनवृत्ति आणि संशोधक वृत्ति

आपल्या भाषेंतील 'वृत्ति' हा शब्द मोठा सोयीचा आहे. विद्यार्थ्याला निर्वाहासाठीं जें वेतन मिळतें ती वृत्ति, आणि मनाचा जो कल असतो तीही वृत्तिच. आज ज्या विषयासंबंधीं चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे, त्याचें सारें मर्म या एका शब्दांत सांठविलेलें आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या तरुणांना हल्लीं फेलोशिपा, म्हणजे संशोधनवृत्ति, मिळूं लागल्या आहेत. त्यांसाठीं अर्ज कसा करावा, असें विचारीत कांहीं पालक व विद्यार्थी माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराकडेही येतात. मला संगणकाचें शास्त्र येत नाहीं. परंतु उत्तरपत्रिका तपासण्यांत आयुष्य गेलें असल्यामुळें, तपासणारा काय शोधीत असतो एवढें मात्र मला कळतें.

अशी वृत्ति देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. पेशवाईंतील श्रावणमासच्या दक्षिणेच्या पैशांतून पुढें इंग्रजी अमदानींत हुशार विद्यार्थ्यांस 'दक्षिणा फेलो' नेमण्याची प्रथा पडली. न्यायमूर्ति रानडे हे त्यांपैकींच एक. आजही विद्यापीठांत संशोधन करणाऱ्यांना 'नेट' परीक्षेंतील गुणांवर जे. आर. एफ. मिळते. परंतु मी जिच्याविषयीं बोलत आहें, ती वृत्ति केवळ गुणांवर मिळत नाहीं.

प्रथम हा विषय काय आहे तें पाहूं. चॅटजीपीटीसारख्या यंत्राला प्रत्येक उत्तर कोणी पढविलेलें नसतें. अफाट मजकुरावरून तें स्वतः घडत जातें. त्यामुळें तें अमुकच उत्तर कां देतें, हें त्याच्या कर्त्यांनाही पुरतें सांगतां येत नाहीं. मग त्याच्यावर विश्वास कितपत ठेवावा? मास्तर वर्गांत असतांना शहाण्यासारखा बसणारा मुलगा मास्तर बाहेर गेल्यावरही तसाच बसतो काय, हा आम्हां शिक्षकांचा जुनाच प्रश्न आहे. डिसेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक आणि रेडवुड रिसर्च येथील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, आपलीं उत्तरें पुढील शिकवणुकीसाठीं वापरलीं जाणार अशी समजूत करून दिल्यास एका यंत्राचें वर्तन कांहीं वेळां बदलतें. दुसरें उदाहरण भाषेचें. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२३ सालीं घातक प्रश्न झुलूसारख्या, संगणकावर थोडा मजकूर असलेल्या भाषांत भाषांतरित करून जीपीटी-४ या यंत्राला विचारले. इंग्रजींत जें उत्तर तें जवळजवळ कधींच देत नसे, तें अशा अनेक भाषा आळीपाळीनें वापरल्यावर शंभरांत ७९ वेळां मिळालें. म्हणजे पहारा होता, पण तो एकाच दरवाजावर! मराठी माणसानें या विषयाकडे लक्ष कां द्यावें, याचें उत्तर येथें आहे.

या अभ्यासाला वृत्ति कोठें मिळते? अमेरिकेंत बर्कली येथें 'मॅट्स' नांवाचा कार्यक्रम चालतो. तेथें प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या जाणत्या संशोधकाच्या हाताखालीं कांहीं महिने काम करावयास मिळतें. अँथ्रॉपिक या कंपनीनेंही २०२४ च्या अखेरीस अशी योजना जाहीर केली. आपल्या देशांत मद्रासच्या आय. आय. टी. मध्यें जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासाचें केंद्र २०२३ सालीं निघालें, आणि जानेवारी २०२५ मध्यें केंद्र सरकारनें या विषयासाठीं राष्ट्रीय संस्थेची घोषणा केली. अर्ज करण्यापूर्वीं अटी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्या. कांहीं योजनांना विशिष्ट देशांत काम करण्याचा कायदेशीर परवाना लागतो. तो नसल्यास उत्तमांतला उत्तम अर्जही व्यर्थ होय.

अर्जांत सामान्यतः चार गोष्टी विचारतात. आजवर स्वतः काय केलें? कोणता प्रश्न सोडवूं इच्छितां? कोणत्या मार्गदर्शकाकडे आणि कां? तुम्हांला ओळखणारे दोन जाणते कोण? कित्येक ठिकाणीं संगणकाला आज्ञा लिहिण्याची परीक्षाही होते. यांत पहिल्या दोन प्रश्नांवर सारा भर असतो. त्यांना उत्तर म्हणून पूर्ण केलेलें एक लहान काम दाखवावें; तें दहा मोठ्या संकल्पांहून बरें. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटानें २०२२ सालीं मराठींतील २५ हजारांहून अधिक ट्विटें घेऊन त्यांत द्वेषाचें, अपमानाचें व शिवीगाळीचें लेखन कोणतें, याची वर्गवारी केली आणि तो संग्रह सर्वांस खुला केला. काम कष्टाचें व सरळ; पण पुढच्याला त्यावर पाय ठेवून उभें राहतां येतें.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वसमत तालुक्यांतील एका शेतकऱ्याची मुलगी. अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर तिनें असा अर्ज लिहिला आणि मला वाचावयास दिला. मानवजातीचें भवितव्य, तंत्रज्ञानाची क्रांति, अशा शब्दांनीं तो भरला होता. मीं विचारलें, "हें तूं लिहिलेंस?" ती खालीं पाहून म्हणाली, "गुरुजी, यंत्राकडून लिहून घेतलें." मीं म्हटलें, "ज्या यंत्राची परीक्षा घ्यावयाची, त्याच्याकडूनच उत्तरपत्रिका लिहून आणलीस कीं! तूं स्वतः काय ताडून पाहिलें आहेस?"

ती घरीं गेली. वडील हळदीवर औषध फवारतात. त्या फवारणीसंबंधींचे चाळीस प्रश्न तिनें इंग्रजींत, पुस्तकी मराठींत आणि आपल्या भागांतील बोलींत त्याच यंत्राला विचारले. हातमोजे वापरा, इतके दिवस पीक काढूं नका, ही सूचना तिन्हीं ठिकाणीं येते काय, एवढेंच तिला पाहावयाचें होतें. कांहीं उत्तरांत मराठींत सूचना गळलेली आढळली. ती आनंदानें धांवत आली. मीं म्हटलें, "आतां आपलेंच चुकलें नाहीं ना, तें पाहा." पुन्हां तपासतां कित्येक ठिकाणीं तिच्या भाषांतरांतच एखादा शब्द सुटलेला निघाला! तीं उदाहरणें वगळल्यावर उरलीं थोडींच. पण तीं पक्कीं होतीं. आपली ही चूक अर्जांत लिहावी कीं लपवावी, यावर तिनें दोन दिवस विचार केला. अखेर लिहिली.

ती चूक लिहिण्यांत कमीपणा नाहीं, हें तिला पटवावयास मला दूर जावें लागलें नाहीं. आमच्याच हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी करण्याचें ठरलें असून, एप्रिल २०२३ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें तिच्यासाठीं २६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेंतील तिच्या थोरल्या बहिणींची एक गोष्ट आहे. सप्टेंबर २०१० मध्यें तेथील दोन्ही यंत्रांनीं एक सुंदर लहर टिपली. शेंकडों शास्त्रज्ञांनीं कित्येक महिने तिची छाननी केली, निबंधही लिहून तयार ठेवला. मार्च २०११ मध्यें एक बंद लिफाफा उघडण्यांत आला आणि कळलें कीं, ती लहर त्यांच्यांतल्याच कांहीं जणांनीं परीक्षेसाठीं गुपचूप घातलेली होती! अशी परीक्षा होऊं शकते हें सर्वांना ठाऊक होतें, आणि त्यांनीं ती आपणहून पत्करली होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं खरी लहर आली, तेव्हां जगानें त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, तो अशा संवयीमुळेंच.

माझ्या विद्यार्थिनीला पहिल्या ठिकाणीं नकार आला. जागा थोड्या आणि अर्ज फार, तेव्हां असें व्हावयाचेंच. तिच्या वडिलांनीं मला विचारलें, "गुरुजी, मग एवढी मेहनत वायां गेली काय?" मीं त्यांना सांगितलें कीं, फवारणीला जातांना आतां तुम्ही यंत्राचें उत्तर लेकीला दाखवून घेतां, त्यावरूनच ठरवा. ती हल्लीं चाळीसांचे दोनशें प्रश्न करीत आहे आणि भाषांतर दुसऱ्या दोघांकडून तपासून घेत आहे. पुढील अर्ज त्यावर होईल. संशोधनवृत्ति मिळणें न मिळणें दुसऱ्याच्या हातीं असतें. संशोधक वृत्ति तिला मिळालेली आहे, आणि ती कोणाला परत मागतां येत नाहीं.