रहस्यकादंबरीची घडण – लेखांक सातवा : वारसाला न वाचता येणारे दप्तर

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून मराठी वाचकाला रहस्यकथेची जी गोडी लावली, तिच्यातला गुप्तहेर धनंजय हा सदैव बाहेरून येतो, गुन्हेगार हुडकून काढतो आणि काम आटोपून स्वगृही परततो. त्या घराचे पुढे काय झाले याची चिंता त्यालाही नसते आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही नसते. आज जिचा विचार करावयाचा आहे त्या उपजातीत मात्र तपास करणारा मनुष्य त्याच घराचा वारस असतो, आणि गुन्हा कोणी केला यापेक्षा, ज्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढीत नाही असे येथे पूर्वी काय घडले, हा प्रश्न त्याला अधिक छळतो.

अगाथा ख्रिस्तीची ‘स्लीपिंग मर्डर’ ही कादंबरी लिहिली गेली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि प्रसिद्ध झाली लेखिकेच्या निधनानंतर, १९७६ मध्ये. न्यूझीलंडहून आलेली एक नवविवाहिता इंग्लंडात घर विकत घेते. एका खोलीला लाल खसखशीच्या आणि निळ्या रानफुलांचा कागद लावावा असे तिच्या मनात येते, आणि कित्येक वर्षे बंद असलेले भिंतीतले कपाट उघडताच आत नेमका तोच कागद चिकटवलेला आढळतो. बालपणी ती याच घरात राहिली होती आणि जिन्याच्या कठड्यातून तिने एक खून पाहिला होता, हे पुढे उलगडते. त्या कपाटाच्या प्रसंगाला तोड नाही. परंतु नायिकेची स्मृती लेखिकेच्या सोयीने, अगदी मागेल तेव्हा हजर होते, हे मला या कादंबरीचे वैगुण्य वाटते. प्रत्यक्षात घरातले जुने दुःख इतके आज्ञाधारक नसते.

आमच्या अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात राहणाऱ्याला या उपजातीचे मर्म समजण्यासाठी इंग्लंडात जाण्याचे कारण नाही. अंबरनाथच्या शिवालयात सभामंडपातून पायऱ्या उतरल्याखेरीज गाभाऱ्यात पोहोचता येत नाही, आणि उत्तरेकडील दारावर शिलाहार राजा मामवाणीचा लेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातला शक ७८२ असा वाचला, तर पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा लावला. एका आकड्याच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. लेख कोणी पुरलेला नव्हता, दडवलेला नव्हता, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर होता. उणीव होती ती तो धड वाचणाऱ्याची.

हीच स्थिती पलीकडच्या उल्हासनगरातील घराघरांतून आहे. महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित उतरविले गेले. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर तर बोटी भरभरून माणसे मुंबई बंदरी आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्त्यात बरॅक नंबर मात्र राहिला. मागे सोडलेल्या मिळकतीसाठी १९५० च्या कायद्यान्वये दावे दाखल झाले आणि १९५४ च्या कायद्यान्वये नुकसानभरपाई ठरली. अशा दाव्याला तेथे आजही ‘क्लेम’ म्हणतात. सिंधच्या महसुली दप्तरात गावाला ‘देह’ म्हणत, आणि आपल्या जमाबंदीतील ‘देहझाडा’ही त्याच फारशी शब्दाचा. क्लेममध्ये कोणत्या देहातील किती जमीन, किती खणांचे घर, हे सारे नमूद करावयाचे. वाटेत कोण सुटले, कोणाचे नाव त्यानंतर घेतले गेले नाही, यासाठी रकाना नव्हता. असल्या गोष्टी कोठे उतरल्या असतील तर त्या खासगी पत्रांत, आणि ती पत्रे बावन्न अक्षरांच्या अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. ही लिपी १८५३ मध्ये सिंधचा इंग्रज कमिशनर बार्टल फ्रियर याच्या अमदानीत मुक्रर झाली. नातवंडे देवनागरी वाचतात, इंग्रजी वाचतात; पत्र्याच्या ट्रंकेतली आजोबांची लिपी त्यांना नक्षीसारखी दिसते.

सिंध्यांना हसण्याचे कारण नाही. बदलापूर गावठाणातल्या एखाद्या जुन्या घरात माळ्यावरचे कागदपत्रांचे रुमाल सोडून पाहावेत. गहाणखते, कबुलायती, दत्तकपत्रे, सारी मोडी लिपीत. शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. ‘सुत’ म्हणजे मुलगा की ‘सूत’ म्हणजे धागा हे संदर्भानेच ठरवावयाचे, आणि वारसाहक्काच्या कागदात हा संशय क्षुल्लक नव्हे.

या भूमीवर बेतलेल्या कादंबरीचा कळसाचा प्रसंग मला असा दिसतो. ट्रंकेतले पत्र घेऊन नातू चार बरॅकी पलीकडच्या, लिपी जाणणाऱ्या एका वृद्धाकडे जातो. म्हातारा पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचतो, तिसऱ्या ओळीपाशी त्याचा आवाज बंद होतो, ओठ मात्र हलत राहतात. मग तो चष्मा काढतो, कागद होता त्याच घडीत घालतो आणि म्हणतो, “काही नाही बेटा, हिशेब आहे जुना.” घराचे रहस्य येथे घरच्या माणसाआधी परक्याला कळते, आणि त्या परक्याच्या दयेवर वारसाला पुढची दोनशे पाने काढावी लागतात. पुरलेल्या सांगाड्यापेक्षा हा पेच मला अधिक भयंकर वाटतो, कारण कागद नातवाच्याच हातात असतो.

वाचकांना एक विनंती. घरात मोडीचे अथवा अरबी-सिंधीचे दप्तर असेल तर ते रद्दीवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी जाणत्याकडून एकदा वाचून घ्यावे, जमल्यास दोघांकडून. पुढील लेखांकात विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’चा, १८६८ सालच्या त्या कादंबरीतील श्रीरंगपट्टणच्या लुटीचा परामर्श घेऊ.